छोट्या व्यवसायाच्या संकेतस्थळाच्या किल्ल्या कोणाकडे असाव्यात?

मोहोर (धागाकर्ती)

देवगड तालुक्यात आमची हापूसची दीडशेच्या आसपास कलमे आहेत. आंब्याबरोबर कोकमाचे आगळ, आमसुले आणि फणसपोळी आम्ही घरी तयार करून विकतो. सासऱ्यांच्या काळात सगळा माल वाशीला दलालाकडे जाई आणि जी पट्टी येईल ती मान्य करावी लागे. ग्राहकाशी थेट व्यवहार व्हावा, म्हणून सहा वर्षांपूर्वी शहरातल्या एका व्यावसायिकाकडून संकेतस्थळ करून घेतले. तीन महिन्यांत गूगलच्या शोधात पहिला क्रमांक मिळवून देऊ, असे त्यांनी सांगितले होते आणि त्यासाठी आम्ही चार वर्षे दरमहा ठरावीक रक्कम भरली. ग्राहक फारसे आले नाहीत. पैसे थांबवले तेव्हा कळले की डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, त्यांच्या नावावर आहे, होस्टिंग, म्हणजे संकेतस्थळ ठेवायची जागा, त्यांची आहे आणि किती लोक येऊन गेले याची नोंद ठेवणारे खातेही त्यांच्याच ईमेलवर आहे. जे नाव आम्ही हौसेने आंब्याच्या पेट्यांवर छापले होते, ते कागदोपत्री आमचे नव्हतेच. नवे नाव घेतले, पेट्या पुन्हा छापल्या, आणि जुन्या नावाने आम्हाला शोधणारे ग्राहक त्या वर्षी हातचे गेले.

या अनुभवातून माझे मत असे झाले आहे की छोट्या व्यावसायिकाने संकेतस्थळाचे काम दुसऱ्याकडून जरूर करून घ्यावे, परंतु डोमेन, होस्टिंग, गूगलवरील व्यवसायाची नोंद आणि भेटींच्या नोंदीचे खाते पहिल्या दिवसापासून स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर ठेवावे, आणि व्यावसायिकाला त्यात कामापुरता प्रवेश द्यावा. दुसरे असे, की क्रमांकाची हमी देणाऱ्याला काम देऊच नये. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलने आपल्या मार्गदर्शनात स्वतःच लिहिले आहे आणि सुधारणांचा परिणाम दिसायला साधारणतः चार महिने ते एक वर्ष लागते, असेही तिथे म्हटले आहे. आम्हाला हे ठाऊक असते, तर मार्चमध्ये पेट्या भरायला घेताना संकेतस्थळाची आठवण झाली नसती. पावसाळा सरताच कामाला लागलो असतो.

आपली मते वाचायला आवडतील, विरोधी असली तरी.

संगणकमित्र

मी पुण्यात चौदा वर्षे संकेतस्थळे तयार करतो, त्यामुळे दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. आपल्या बाबतीत झाले ते चुकीचेच होते, याबद्दल दुमत नाही. मात्र त्यावरून काढलेला नियम सरसकट लागू करता येणार नाही.

डोमेन ग्राहकाच्या नावावर ठेवण्याचा आग्रह मीही सुरुवातीला धरत असे. त्यातले कित्येक ग्राहक दोन वर्षांत ईमेलचा पासवर्ड विसरले, काहींचा मोबाइल क्रमांक बदलला, आणि नूतनीकरणाची सूचना कोणीच वाचत नसलेल्या ईमेलवर जाऊन पडली. मुदत उलटून सवलतीचे दिवसही संपले, की ते नाव कोणीही विकत घेऊ शकते. एका ग्राहकाचे नाव असे गेले तेव्हा दोष माझ्यावर आला. त्यानंतर मी डोमेन माझ्या खात्यातून सांभाळू लागलो. यात अडवणूक करण्याचा हेतू नव्हता. ग्राहकाकडून जे होत नाही ते माझ्याकडून व्हावे, एवढेच होते.

दुसरे म्हणजे मजकूर. काम ठरते त्या दिवशी मी बागेची छायाचित्रे, भाव, माल पाठवण्याच्या अटी आणि व्यवसायाची माहिती मागतो. सहा सहा महिने काहीही येत नाही. शेवटी मी चार ओळी लिहून टाकतो आणि मग संकेतस्थळावर ग्राहक येत नाहीत म्हणून तक्रार येते. दरमहा जी रक्कम आपल्याला वाया गेल्यासारखी वाटते, तिच्यात न दिसणारी कामेही असतात. २०१८ च्या जुलैपासून क्रोम ब्राउझर साध्या एचटीटीपी (माहिती सांकेतिक न करता पाठवणाऱ्या) संकेतस्थळांपुढे ‘असुरक्षित’ असा शेरा दाखवू लागला, तेव्हा सुरक्षिततेचे प्रमाणपत्र बसवणे भाग पडले. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे मोफत प्रमाणपत्र जास्तीत जास्त नव्वद दिवसांचे असते आणि त्याचे नूतनीकरण आपोआप होत असले, तरी ते अडले की कोणालातरी रात्री जागावे लागते. संकेतस्थळ ज्यावर चालते ते वर्डप्रेस आणि त्याची प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) अद्ययावत ठेवणे, बॅकअप घेणे, मोबाइलवर पान जड होऊ न देणे, यांतले काहीही ग्राहकाला दिसत नाही.

बाजारपेठ

आपण दोघेही एक गोष्ट गृहीत धरून बोलत आहात, ती म्हणजे छोट्या व्यवसायाला संकेतस्थळ लागतेच. मला ते मान्य नाही. माझे किराणा व मसाल्याचे दुकान आहे, आणि नवीन ग्राहक येतो तो गूगलच्या नकाशावरून किंवा व्हॉट्सॲपवरून. नकाशावरच्या नोंदीला पैसे पडत नाहीत. तिथे वेळा, फोन क्रमांक आणि छायाचित्रे नीट ठेवली आणि ग्राहकांच्या अभिप्रायांना उत्तरे दिली, की पुरते. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये मालाची यादी भावासह टाकता येते. ज्याच्या दीडशे कलमांचा माल दोन महिन्यांत संपणार आहे, त्याने वर्षभर डोमेन, होस्टिंग आणि देखभालीचा खर्च का करावा? तेवढ्या पैशात पेट्यांची बांधणी चांगली करावी. खाऊन समाधान झालेला एक ग्राहक चार शेजाऱ्यांना सांगतो.

मोहोर

बाजारपेठ, नकाशावरची नोंद आणि व्हॉट्सॲप आम्हीही वापरतो, आणि जुन्या ग्राहकांसाठी त्याहून सोयीचे काही नाही. पण ती जागा आपली नसते. गूगलच्या व्यवसाय नोंदीबरोबर फुकट संकेतस्थळ तयार करण्याची सोय होती. आमच्या परिसरातल्या काही घरगुती निवासांनी तेच आपले संकेतस्थळ मानले होते. मार्च २०२४ मध्ये गूगलने ती सोय बंद केली. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली तेव्हा ज्यांचे सगळे ग्राहक तिथे होते, त्यांच्याजवळ संपर्काचे दुसरे साधन उरले नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही एकदम सुमारे सहा तास बंद होते, हे आपल्याला आठवत असेल.

बाजारपेठ

आठवते. त्या सहा तासांत माझा फोन चालू होता, आणि सकाळी दुकानही उघडले. आपले संकेतस्थळ बंद पडले, तर ते किती तासांत सुरू होते? आपला पहिला अनुभव पाहता ते कायमचेच गेले. परक्याच्या जागेचा धोका दोन्हीकडे आहे, फरक एवढाच की व्हॉट्सॲप बंद पडले तर ते सुरू करायला हजारो माणसे कामाला लागतात, आणि आपल्यासाठी एक संगणकमित्र, तेही वेळ असेल तेव्हा.

दूरदेशी

मी वीस वर्षे बंगळुरूत राहतो आणि दर वर्षी हापूस मागवतो. म्हणजे ज्याला आपण सगळे संकेतस्थळावर आणू पाहता तो मीच, त्यामुळे माझा शोध कसा चालतो ते सांगतो. ओळखीचा बागायतदार नसेल, तर मी मार्चच्या सुमारास फोनवर शोधायला लागतो. कधी देवनागरीत लिहितो, कधी रोमन अक्षरांत ‘हापूस’, तर कधी ‘अल्फान्सो’. सापडलेल्या बहुतेक संकेतस्थळांवर पहिल्या पानावर सरकणारी मोठी चित्रे असतात, ‘आमच्याविषयी’ या मथळ्याखाली कोणत्याही व्यवसायाला चालेल असा मजकूर असतो, आणि मला जे हवे असते ते कुठेच नसते.

मला हवे असते ते असे. यंदा मोहोर कसा आहे आणि पहिली तोडणी केव्हा होईल? पेटीत किती डझन आणि फळ किती ग्रॅमचे? आंबा तयार पाठवणार की कच्चा, आणि कच्चा असेल तर अढी, म्हणजे पिकवण्यासाठी गवतातली रचना, कशी लावायची? बंगळुरूला पोहोचायला किती दिवस लागतात? चार फळे खराब निघाली तर भरपाई कशी मिळते? आणि सर्वांत महत्त्वाचे, हा आंबा देवगडचाच आहे हे मी कशावरून मानायचे, कारण इथल्या बाजारात दुसऱ्याच प्रदेशातला आंबा देवगडच्या नावाने विकला जातो. कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. बागायतदार त्याचा नोंदणीकृत वापरकर्ता असेल, तर ते प्रमाणपत्र संकेतस्थळावर का दाखवू नये? या प्रश्नांची उत्तरे कोणताही संगणकतज्ज्ञ देऊ शकणार नाही, ती मोहोर यांच्या घरातच आहेत. मी ज्यांच्याकडून आता आंबा घेतो, त्यांचे संकेतस्थळ दिसायला साधे आहे, पण अढी लावण्याची पद्धत त्यांनी छायाचित्रांसह लिहिली होती आणि मी ती शोधतानाच त्यांच्यापर्यंत पोहोचलो. त्यांचा फोन क्रमांक माझ्याकडे त्यानंतर आला, त्यामुळे बाजारपेठ यांचे म्हणणे ओळखीच्या ग्राहकापुरतेच खरे आहे.

कलमबहाद्दर

व्यवसायाने वकील आहे, म्हणून फक्त मालकीविषयी. पैसे दिले म्हणजे संकेतस्थळ आपले झाले, असे मोहोर यांच्यासह बहुतेक जण मानतात. कायदा तसे म्हणत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे निर्मिती करणारा हाच सर्वसाधारणपणे पहिला मालक असतो. नोकरीत असलेल्याने नोकरीचा भाग म्हणून केलेले काम नोकरी देणाऱ्याचे ठरते. पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा हक्कही, वेगळे ठरले नसल्यास, पैसे देणाऱ्याचा असतो. परंतु स्वतंत्र व्यावसायिकाने लिहिलेला कोड आणि मजकूर या अपवादांत बसत नाही. तो हक्क आपल्याकडे यायचा असेल, तर कलम १९ नुसार लेखी आणि सहीचे हस्तांतरण लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. डोमेनचा प्रश्न निराळा आहे, तिथे नोंदणीदार म्हणून कोणाचे नाव आहे हे मुख्य ठरते. तोंडी व्यवहारात दोन्ही बाजू स्वतःला मालक समजत राहतात आणि भांडण झाल्यावर दोघांनाही धक्का बसतो.

मोहोर

ही माहिती मला नवीन आहे, आभारी आहे. छायाचित्रे आमची आणि त्यांच्याखालच्या ओळी दुसऱ्याच्या, असे असू शकते हे कधी मनातही आले नव्हते.

संगणकमित्र, मजकुराबद्दलची आपली तक्रार मी मान्य करते. आम्हीही छायाचित्रे पाठवायला पाच महिने लावले होते. पण दरमहाच्या कामाबद्दल मला अजून बोलायचे आहे. न दिसणारे काम असते हे खरे, तर मग अहवालात तेच लिहून येऊ द्यावे. आमच्याकडे दर महिन्याला जो अहवाल येई, त्यात ‘कीवर्ड टॅग अद्ययावत केले’ (म्हणजे पानाच्या कोडमध्ये शोधशब्दांची यादी घातली) अशी एक ओळ हमखास असे. क्रमांक लावताना तो टॅग आम्ही विचारात घेत नाही, असे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले होते, हे मला नंतर समजले. दुसरी ओळ असे ती ‘पाचशे लिंक जोडल्या’ अशी. आंब्याशी काडीचा संबंध नसलेल्या, कुठल्या कुठल्या पानांवर आमचे नाव टाकले होते, आणि अशाच बनावट लिंकांना आळा घालण्यासाठी गूगलने २०१२ मध्ये शोधाच्या क्रमवारीत पेंग्विन नावाचा बदल आणला होता. म्हणजे ज्या कामाने उपयोग नाही आणि ज्या कामाने अपाय होऊ शकतो, त्या दोन्हींचे पैसे आम्ही दिले. १ जुलै २०२३ पासून गूगलच्या जुन्या ॲनालिटिक्सने, म्हणजे भेटींची नोंद ठेवणाऱ्या सेवेने, नोंदी घेणे थांबवले. आमचे खाते नव्या पद्धतीवर नेलेच गेले नाही, आणि वर्षभराने जुन्या नोंदीही पाहता येईनाशा झाल्या. चार वर्षांत कोणत्या गावाहून किती लोक आले, कोणते पान वाचून परत गेले, ते आता कधीच कळणार नाही. खाते माझ्या ईमेलवर असते, तर बदलाच्या सूचना मी वाचल्या असत्या.

संगणकमित्र

लिंका विकणाऱ्यांचे समर्थन मी करणार नाही. त्यांच्यामुळे आमच्या क्षेत्राचे नाव खराब होते आणि प्रामाणिकपणे ‘सहा महिने थांबा’ असे सांगणाऱ्याला काम मिळत नाही, कारण शेजारचा तीन महिन्यांची हमी देतो. हमी मागणारे ग्राहक आहेत, म्हणून ती देणारे आहेत, हेही लक्षात घ्यावे.

डोमेनबाबत मात्र कलमबहाद्दर यांचे वाचून मी थोडा विचार बदलला आहे. नोंदणीदार म्हणून ग्राहकाचे नाव आणि ग्राहकाचा ईमेल, तांत्रिक संपर्क म्हणून माझा, आणि नूतनीकरण एकदम पाच वर्षांचे, असे केल्यास माझी भीती बरीचशी दूर होते. पण पासवर्ड ग्राहकाने कुठेतरी लिहून ठेवावा, ही अट मी करारात घालणार, आणि तो हरवला तर परत मिळवण्याच्या कामाचे वेगळे पैसे घेणार. तसेच मजकूर ठरलेल्या तारखेला आला नाही, तर पुढचा हप्ता थांबवण्याचा अधिकार ग्राहकाला राहणार नाही, हेही लिहिणार. मालकी हवी असेल, तर तिच्याबरोबरची कामेही घ्यावी लागतील.

बाजारपेठ

माझे मत बदललेले नाही. वीस कलमे लिहिलेला करार आणि पाच वर्षांचे डोमेन हे ज्याला परगावी माल पाठवायचा आहे त्याने करावे; ज्याचा ग्राहक पायी येतो त्याला याची गरज नाही. मात्र नकाशावरच्या नोंदीचे खाते मी आजच पाहिले, तर ते भाच्याच्या ईमेलवर निघाले. ते माझ्या नावावर करून घेतो आहे.

मोहोर

संगणकमित्र, तारखांची अट मला मान्य आहे. हंगाम संपला, की जून अखेरपर्यंत अढी, तोडणी, भरपाई आणि पाठवणीच्या दिवसांबद्दलची चार पाने मी स्वतः मराठीत लिहून ठेवते. इंग्रजी मजकूर धाकटी नणंद लिहील. सप्टेंबरपासून काम सुरू केले, तर मोहोर येईपर्यंत पाने वाचकांपुढे असतील. क्रमांकाबद्दल करारात एक शब्दही असणार नाही. महिन्याकाठी काय केले, बॅकअप केव्हा घेतला आणि कोणते पान किती जणांनी वाचले, एवढे अहवालात साध्या भाषेत यावे, ही माझी अट आहे. या अटींवर काम करायला आपण तयार असाल, तर पैशाचे बोलणे व्यक्तिगत निरोपात करू.