नवी एएमटी गाडी, आंबा घाटात क्लच जळल्यासारखा वास : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एप्रिलमध्ये नवी गाडी घेतली. 1.2 लिटर पेट्रोल, पाच गिअरची एएमटी, म्हणजे क्लच पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी. गेल्या आठवड्यात ती पहिल्यांदाच लांब नेली. पुण्याहून सातारा, कराड, मग कोकरूड-मलकापूरवरून आंबा घाट उतरून साखरपा आणि पुढे रत्नागिरीजवळ आमचं गाव. परतीची वाटही तीच. गाडीत आम्ही दोघं, आई-बाबा आणि लेक. येताना डिकीत फणस, नारळ, आमसुलं, म्हणजे गाडी चांगलीच भरलेली.

आधी हे सांगतो की गाडी मला मनापासून आवडली आहे. हायवेला ऐंशी-नव्वदला अगदी स्थिर चालते, एसी मागच्या सीटपर्यंत पोचतो, आणि बाबांचे गुडघे दुखतात तरी त्यांना चढ-उतार करताना हात द्यावा लागला नाही. खंबाटकी सहज चढली. टाकी फुल ते टाकी फुल हिशेब केला तर अठराच्या आसपास अॅव्हरेज पडलं, डिस्प्ले वीस दाखवत होता. एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेचा मायलेजचा आकडा प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो आणि पंपावर आता 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, त्यामुळे अठरावर मी समाधानी आहे. दुपदरी रस्त्यावर एसटीला ओव्हरटेक करताना गिअर बदलायला गाडी क्षणभर थांबते, तिथे मॅन्युअल मोड टाकला की काम होतं.

आता मुख्य अडचण. घाट उतरताना मॅन्युअलमध्ये दुसरा गिअर ठेवला होता, ब्रेकला अजिबात त्रास नाही. परतताना मात्र साखरप्याच्या पुढे चढ लागल्यावर एका वळणावर मालट्रक अडकला होता आणि मागे भली मोठी रांग. गाडी जेमतेम चार-पाच फूट सरकायची, थांबायची, परत सरकायची. डी मोडच (गिअर आपोआप बदलणारा) होता, डिस्प्लेवर पहिला गिअर. थोड्या वेळाने सरकताना सीटखाली थरथर जाणवायला लागली आणि मग करपट वास आला. रबर जळल्याचा नव्हे, त्याहून उग्र, घशात बसणारा. मागून आई म्हणाली, "अरे, काहीतरी जळतंय." मी डावीकडे जागा मिळताच गाडी घेतली, हँडब्रेक ओढला, बॉनेट उघडलं. धूर नाही, मीटरवर कुठला दिवा नाही, इंजिनचं तापमान नॉर्मल. पंधरा-वीस मिनिटांनी वास गेला. नंतर पुण्यापर्यंत थरथर परत आली नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे एएमटी म्हणजे मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबण्याचं काम यंत्र करतं. चढावर ब्रेक सोडल्यावर गाडी मागे घसरू नये म्हणून असलेला हिल होल्ड तिला दोनेक सेकंद धरून ठेवतो, त्यानंतर चढावर ती नुसत्या अॅक्सिलरेटरवर तोलली तर क्लच अर्धवट लागलेला राहून घासतो आणि तापतो. मी थांबताना दर वेळी ब्रेक पूर्ण दाबत होतो. तरीही वास आला, म्हणून काळजी वाटते.

सर्व्हिस सेंटरला दाखवलं. सल्लागारांनी पार्किंगमध्ये एक फेरी मारली आणि "सगळ्या एएमटींना घाटात येतो" म्हणून गाडी परत दिली. स्कॅनर लावला नाही, जॉबकार्डवर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर) तक्रार लिहून घेतली नाही. मला हे पटलेलं नाही. क्लच प्लेट बहुतेक ठिकाणी झिजणारा भाग म्हणून वॉरंटीच्या बाहेर ठेवतात, त्यामुळे आज नोंद झाली नाही तर उद्या खर्च माझ्याच गळ्यात पडायचा.

तुमच्यापैकी कोणी भरलेली एएमटी घाटातल्या रांगेत चालवली आहे का? असा वास एकदा येऊन गेल्यावर पुढे क्लच लवकर गेला का? अशा रांगेत डी मोड बरा, की मॅन्युअल पहिला गिअर? थांबल्यावर एनमध्ये (न्यूट्रलमध्ये) टाकून हँडब्रेक लावायचा की ब्रेक दाबून तसंच राहायचं? आणि सर्व्हिस सेंटरकडे नेमकी काय मागणी करू? क्लचचं कॅलिब्रेशन परत करून घेता येतं असं ऐकून आहे, कोणी करून घेतलं असेल तर फरक पडला का ते सांगा.

गणपतीला हीच माणसं घेऊन परत गावी जायचंय आणि त्या दिवसांत घाटात गाड्यांची रांग ठरलेलीच. त्याआधी हे निस्तरायचं आहे.

भर : खाली प्रतिक्रियांमध्ये टायरच्या हवेबद्दल विचारलंय म्हणून लिहितो. टायरचं प्रेशर निघायच्या आधी, टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर पूर्ण लोडसाठी दिलंय तेवढंच भरलं होतं. काल घराजवळच्या उड्डाणपुलाच्या चढावर मुद्दाम थांबून निघून पाहिलं, थरथर नाही, वासही नाही. पण तेव्हा गाडीत मी एकटाच होतो. ज्यांनी लेखी ईमेल करून जॉबकार्ड मागायला सुचवलं त्यांचे आभार, आज सकाळी ईमेल पाठवला आहे. उत्तर आलं की इथेच टाकतो. घाटातल्या मोडबद्दल मात्र अजून कोणी लिहिलेलं नाही, अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.