'डिलाइट' नेमका कुठे आणि कसा वापरायचा? सल्ला हवाय

अबोली_७: नमस्कार मंडळी, भाचीला पुण्यातल्या एका कंपनीची ऑफर आलीय, पहिलीच नोकरी, घरात सगळे नुसते हरखलोय. तिने होकाराचा मेल लिहिलाय त्यात 'आय अ‍ॅम व्हेरी डिलाइटफुल टु जॉइन' असं आहे. कानाला खटकतंय पण का ते सांगता येईना. डिक्शनरीत डिलाइट म्हणजे आनंद एवढंच दिलंय. संध्याकाळपर्यंत पाठवायचाय, प्लीज सांगा.

सातारकर_सर: ताई, आधी भाचीचं अभिनंदन! खटकतंय ते बरोबरच आहे. डिलाइटफुल म्हणजे ज्याच्यामुळे दुसऱ्याला आनंद होतो ते, छान रंगलेल्या गप्पा, एखादं गोड बाळ वगैरे. आणि ज्याला आनंद झाला तो डिलाइटेड. तिच्या वाक्याचा अर्थ 'मी फार लोभस आहे' असा होतोय. त्यापेक्षा 'आय अ‍ॅम डिलाइटेड टु अ‍ॅक्सेप्ट द ऑफर' लिहा. व्हेरी काढाच, डिलाइटेडमध्ये 'खूप' आधीच आलंय, जोर द्यायचाच तर अ‍ॅब्सोल्यूटली लावतात पण ऑफिसच्या मेलला ते नको. पुढे क्रियापद असेल तर टु, वस्तू असेल तर विथ, जसं 'डिलाइटेड विथ द गिफ्ट', बातमी असेल तर अ‍ॅट किंवा बाय.

मोगरा: प्लीज्ड पण चालेल. आपल्याकडे 'कळविण्यास आनंद होतो की' लिहितात ना, तसं ते रीतीचं वाटतं. पहिली नोकरी आहे, मी तर डिलाइटेडच ठेवेन.

कोकणी_माणूस: अजून एक, 'डिलाइट इन' आलं की पुढे आयएनजीवालं रूप येतं, आणि ते नेहमी चांगल्याच अर्थाने येतं असं नाही. 'ही डिलाइट्स इन टीझिंग हिज सिस्टर' म्हणजे बहिणीला चिडवण्यात त्याला भारी मजा येते. स्पेलिंगमधल्या जीएचला घाबरू नका, त्याचा उच्चार होत नाही. शब्द जुन्या फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात जीएच नव्हतंच, 16व्या शतकात 'लाइट'च्या स्पेलिंगकडे बघून ते घुसलं. बोलताना जोर 'लाइट'वर द्यायचा.

अबोली_७: खूप खूप आभार सगळ्यांचे, मेल बदलला. पहिल्या दिवशी मॅनेजरना 'डिलाइटेड टु मीट यू' म्हटलं तर चालेल का?

सातारकर_सर: चुकीचं नाही, पण समोरासमोर जरा भारदस्त वाटतं. 'नाइस टु मीट यू' बास.