कोड्यातल्या शब्दांची कविता करते, पण ती यादीच वाटते. काय करू?

शिवणघर (फोंडा)

नमस्कार मंडळी. फोंड्याला बाजाराच्या मागच्या बाजूला माझे ब्लाउज आणि फॉल-पिकोचे छोटे दुकान आहे. दुपारी जेवणानंतर शटर अर्धे ओढलेले असते (त्या वेळी गिऱ्हाईक आलेच, तर ते गोव्याबाहेरचे असणार हे नक्की). तेव्हा सासूबाई आणि मी पेपरातले शब्दकोडे सोडवतो. देव, नद्या, जुनी भांडी हे खाते त्यांच्याकडे. नट-नट्या आणि क्रिकेट माझ्याकडे.

कोडे सुटले की त्यातले चार शब्द उचलायचे, त्यांची काहीतरी गमतीची कविता करायची आणि माहेरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची, असा मला नाद लागलाय. नियम माझाच: चारही शब्द आलेच पाहिजेत. आज निघाले कारकून, पागोळी, नकाशा आणि उसळ. त्यांचे मी हे केले:

कारकून खातो उसळ
पागोळी गळते घळघळ
नकाशा टांगला भिंतीवर
हसा हो सारे खळखळ

सासूबाईंना वाचून दाखवली. म्हणाल्या, "ही कविता न्हय गो, सामानाची यादी!" आणि वर हसल्याही नाहीत, शेवटच्या ओळीत तसे स्पष्ट सांगितलेले असूनही.

शब्द कोंबल्यासारखे वाटू नयेत म्हणून तुम्ही काय करता? आणखी एक भानगड म्हणजे माझी वहिनी संध्याकाळी कामावरून आल्यावर तेच कोडे घेऊन बसते. माझ्या कवितेत उत्तरे फुटतात म्हणून तिने ग्रुप म्यूट केलाय.

गद्यप्रेमी (म्हापसा)

स्पष्ट लिहितो, राग नसावा. कविता आतून यावी लागते. कोड्यातून शब्द घेऊन कविता पाडणे हा शुद्ध टाइमपास आहे. टाइमपास म्हणून करा, पण मग ती चांगली कशी होईल हे विचारू नका. बाकी कोडी मीही सोडवतो. खग (पक्षी), नग (डोंगर), वारि (पाणी) याशिवाय त्यांत हल्ली असते काय?

टाळकरी (साखळी)

गद्यप्रेमी, बाहेरून शब्द घेऊन कविता करणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे. समस्यापूर्तीत शेवटचा चरण दुसराच कोणी द्यायचा आणि उरलेला श्लोक कवीने जुळवायचा. मोरोपंतांनी तर ओठाला ओठ न लागता म्हणता येईल असे 'निरोष्ठ रामायण' रचले. प, फ, ब, भ, म बंद. म्हणजे ज्याची कथा सांगायची त्या रामाचे नावही घ्यायची सोय नाही! आता याला टाइमपास म्हणायचे असेल तर म्हणा.

शिवणघर ताई, तुमचे शब्द वाईट नाहीत, त्यांना ठेवायला जागा नाही. मी भजनी माणूस, मला एकच जागा ठाऊक आहे: मोठा अभंग. चार चरण, अक्षरे सहा, सहा, सहा आणि शेवटी चार. यमक फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला. तुमच्यासाठी तो आयताच आहे, कारण कोड्यात आणि अभंगात मोजणी एकच. कोड्यात जोडाक्षराला एक घर, काना-मात्रेला वेगळे घर नाही. अभंगातही तसेच. 'स्वयंपाक' दोन्हीकडे चारच. म्हणजे पेपरात चौकोन मोजले की चरणात शब्द किती जागा खाणार ते आधीच कळते. 'कारकून' चार घरांचा, म्हणून पहिल्या चरणात तुमच्याकडे अजून दोन अक्षरे शिल्लक.

अवघड शब्द पहिल्या चरणात टाकावा, तिथे यमकाची कटकट नाही. यमक जुळवायला कोड्यातला शब्द वापरायचा असेल तर तो दुसऱ्याच्या शेवटी ठेवा, तिसऱ्याला तुमच्या मनातला. उलटे केले की ओढाताण दिसते. चौथा चरण आखूड असतो, चिमटा तिथे काढायचा. तुम्ही शेवटी 'हसा हो' म्हणून सांगितलेत, तिथेच हसू गेले.

आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे क्रियापद. कोड्यातली उत्तरे बहुतेक नामेच असतात, ती आपापल्या चौकोनात बसून राहतात. एकाने दुसऱ्याचे काहीतरी बिघडवले पाहिजे. तुमच्याकडे पागोळी भलतीकडे गळते आणि कारकून भलतीकडे खातो. त्याला पागोळीखाली बसवा:

कारकून बसे
पागोळीच्या खाली
फाईल ती न्हाली
सही गेली

उरलेले दोन शब्द तुमच्यासाठी ठेवलेत. चारही एकाच कडव्यात कोंबायचे, असे तुम्हाला सांगितले कोणी?

ताळगाव_पठार

मी युनिव्हर्सिटीत शिकते, इथे हॉस्टेलवर आम्ही सगळ्याजणी वर्डल खेळतो. पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द, सहा संधी. जोश वॉर्डलने तो बनवला. 2021 मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला, 2022 च्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतला. तुमच्या वहिनीच्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. तिथे दिवसाला एकच शब्द आणि तो सगळ्या जगाला तोच, तरी लोक निकाल शेअर करतात. कारण शेअर होतात ते फक्त हिरवे, पिवळे आणि राखाडी चौकोन. तुम्ही कसे धडपडलात ते कळते, उत्तर कळत नाही.

मग कविताही तशीच करा ना. शब्द घालायचाच नाही, त्याच्याभोवती फिरायचे. आपल्याकडे उखाण्यात कोडे घालतात तेच. मी करून पाहिले (काकांचा तो सहा-सहावाला मला जमेना, म्हणून आठ-आठ):

पाऊस गेला थांबून
ही का रडते मागून

तुमच्या चारांतला कोणता, ते तुम्हाला कळेलच. वहिनीला हे दुपारी पाठवा, तिला उलट मदतच होईल. शब्द घातलेली कविता रात्री पाठवा.

आम्ही एक वेगळा खेळही करतो. सोडवताना चुकलेले अंदाज ओळीने लिहायचे आणि त्यांचीच गोष्ट करायची. चुकलेले शब्द बरोबर शब्दापेक्षा जास्त मजेदार असतात, कारण ते आपल्या डोक्यातून आलेले असतात. परीक्षेच्या आठवड्यात माझा पहिला अंदाज कायम 'स्लीप' असतो.

शिवणघर (फोंडा)

टाळकरी काका, वहीत चौकोन आखून बसले. खरेच सोपे पडते! माप घेतल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही, कविता मात्र इतके दिवस अंदाजाने बेतत होते. गद्यप्रेमी, तुम्हाला आतून येते, चांगले आहे. आमच्याकडे दुपारी आतून फक्त झोप येते.

तुमच्या कडव्यापुढे माझी दोन:

जमिनीचा होता
नकाशा तयात
शेत ते पाण्यात
मोजा आता

साहेब म्हणाले
आण रे उसळ
पोटी सळसळ
मोजू मग

'तयात' जरा जुनाट वाटते, पण 'त्यात' घातले की अक्षर कमी पडते. सासूबाईंचे म्हणणे, हे त्यांच्या माहेरच्या जमिनीच्या मोजणीवरूनच लिहिलेय. मला त्या प्रकरणातले काही ठाऊक नव्हते. आता मात्र सगळे ऐकावे लागणार.

ताळगाव_पठार, तुझे दोन चरण वहिनीला पाठवले. तिने ग्रुप अनम्यूट केला आणि उत्तर पाठवले: "सर्दी?"

टाळकरी (साखळी)

'तयात' खुशाल ठेवा, अभंगात ते शोभते. 'शेत ते पाण्यात' झकास. फक्त रोज अभंगच करू नका, हाताला सवय लागली की सगळ्या कविता एकाच चालीत ऐकू येतात. मधूनमधून त्या ताळगावच्या मुलीसारखे आठ-आठ करा. आणि खग-नग असले कोड्यातच राहणारे शब्द टाकून देऊ नका. त्यांना आजच्या माणसांत आणून सोडले की गंमत आपोआप होते.

गद्यप्रेमी (म्हापसा)

मत बदललेले नाही. पण काल पर्वरीहून येताना रस्त्याकडेचा कापलेला डोंगर पाहिला आणि हे सुचले. आतून की कोड्यातून ते विचारू नका. अक्षरे कोणीतरी मोजून घ्या.

खग म्हणे नगा
बांधू का मी घर
आला तो बिल्डर
नग गेला