‘अजिंठा’ पाहिला, पारो दिसली, पण चित्रकार कुठंय?

सिल्लोडकर
नितीन चंद्रकांत देसाईंचा ‘अजिंठा’ (२०१२) परवा घरच्यांसोबत पुन्हा बघितला. रॉबर्ट गिल हा कंपनी सरकारच्या मद्रास फौजेतला अधिकारी. १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायचं काम त्याच्याकडं आलं आणि त्यात त्याची वर्षानुवर्षं गेली. सिनेमा मात्र त्याच्या आणि तिथल्या पारोच्या प्रेमाभोवती फिरतो. सिनेमा संपल्यावर आईला विचारलं, काय लक्षात राहिलं? म्हणाली, “पारो आन् गाणी.” माझंही तेच झालं, आणि तीच माझी तक्रार आहे. अंधारात, वटवाघळांच्या वासात उभं राहून भिंतीवरचा एकेक चेहरा कॅनव्हासवर उतरवायचा, ही काय साधी गोष्ट आहे? आणि लंडनला पाठवलेले त्याचे बहुतेक कॅनव्हास १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेस या तिथल्या प्रदर्शनगृहाच्या आगीत जळाले. माणूस तेव्हा जिवंत होता हो! ही बातमी त्याला कळली तो दिवस, माझ्या मते खरा सिनेमा तिथं आहे.

अजिंठा गावची लेक
भाऊ, पारोची समाधी आमच्या गावात आहे. दगडावर इंग्रजीत कोरलंय की ती पटकीनं गेली, २३ मे १८५६. शाळेत असताना आम्हाला कुणी तिच्याबद्दल चकार शब्द सांगितला नाही. पळसखेड्याच्या महानोरांनी तिच्यावर दीर्घकविता लिहिली, त्यावरून सिनेमा निघाला, तेव्हा कुठं लोक समाधी विचारत येऊ लागले. गिलची वाचलेली चित्रं लंडनच्या संग्रहालयात आहेत. पारोचा मात्र हा एवढा दगड. तुमच्या मनातल्या सिनेमात ती दोन मिनिटांत मेली असती.

जालन्याचा चित्रकला मास्तर
मी सिल्लोडकरांच्या बाजूनं. एलिमेंट्री-इंटरमिजिएटची पोरं मला विचारतात, सर, भिंतीवर रंग इतकी शतकं टिकला कसा? चिखलात भुसा-गवत कालवून गिलावा, वर चुन्याचा हात, मग गेरू, पिवळी माती, काजळी, आणि निळ्यासाठी लांबून आलेला लाजवर्द. गिल ते सगळं तैलरंगात पकडायला बघत होता. मातीच्या रंगाची ती मऊ झाक तेलात आणायची म्हणजे रोजची झुंज, आणि चित्रकाराचं आयुष्य त्या झुंजीतच असतं. अजून एक. त्या काळी नकला करणाऱ्यांनी चित्रं उजळ दिसावीत म्हणून मूळ भिंतींना वार्निश लावलं, ते पुढं पिवळं-काळपट पडलं. जपायला आलेल्या हातांनीच इजा झाली. ह्याच्याएवढं नाट्य कुठल्या गाण्यात आहे?

अंबाजोगाईहून
गिलचं १८४१ मध्येच लग्न झालं होतं. प्रेमकथाच सांगायची तर त्या बायकोचं काय?

अजिंठा गावची लेक
बायकोचं बरोबर आहे, तिलाही जागा हवी होती. वार्निशचं तर मला ठाऊकच नव्हतं सर, वाचून पोटात कालवलं. पण त्यासाठी पारोचा वाटा कमी करा म्हणाल तर मी नाही म्हणणार.

सिल्लोडकर
ताई, समाधीचं पटलं. आगीचं मात्र मी सोडत नाही. मास्तर, पोरं घेऊन या, फक्त सोमवार टाळा, लेणी बंद असतात. आधी गावात समाधी बघू, मग एक नंबरच्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर जेवढं थांबू देतील तेवढं थांबू. बाहेर झाडाखाली बसून पोरांना तो चेहरा आठवून काढू द्या.