दादा गेल्यापासून कशातच मन लागत नाही, एडीएचडी आणि डिप्रेशन दोन्ही आहे, सुरुवात कुठून करू?

निळीवही:
नमस्कार. लिहू की नको करत खूप दिवस गेले, आज लिहितेच. वय ३४. डिप्रेशन कॉलेजपासून येऊन जाऊन आहे, एडीएचडीचं, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याच्या त्रासाचं, निदान ३१ व्या वर्षी झालं. आठ महिन्यांपूर्वी माझा मोठा भाऊ अचानक गेला. पहिले दोन महिने मी उलट धावपळच केली, कागदपत्रं, बँक, वहिनीचं सगळं, लोक म्हणायचे किती धीराची आहे पोरगी. आणि मग एकदम जे बसले ते बसलेच.

काल मशीनमधले कपडे तिसऱ्यांदा धुतले, कारण आधी दोन्ही वेळा वाळत घालायचे राहिले आणि कुबट वास यायला लागला. तिसऱ्यांदा पण मशीनसमोर फरशीवर बसून राहिले, दार उघडं, ओले कपडे समोर, आणि हात म्हणून उचलेना. पाच मिनिटांचं काम हो. मला कळत होतं की पाच मिनिटांचं आहे, त्यानेच जास्त रडू आलं.

दादा रोज सकाळी साडेआठला फोन करायचा, जेमतेम एक मिनिट. "बोल, आजची तीन कामं कोणती?" एवढंच. रात्री मेसेज, झाली का. कितीतरी वर्षं हे चालू होतं. आता साडेआठला फोनकडे बघते आणि दिवस तिथेच संपतो.

डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत, एडीएचडीची गोळी मीच बंद केली, कशासाठी घ्यायची असं वाटलं. ॲप्स, प्लॅनर, मोटिव्हेशनचे व्हिडिओ सगळं करून झालं, दोन दिवस टिकतं. मोटिव्हेशन परत येतं का? कोणाचं आलंय का? आणि हे दुःख आहे, डिप्रेशन आहे, एडीएचडी आहे की मी आळशी झालेय हे ओळखायचं कसं?

सावकाशचालणारा:
आळशी माणूस तीनदा कपडे धुवायला लावत नाही, ते आधी मनातून काढून टाक.

माझे बाबा गेले तेव्हा मी दीड वर्ष असाच होतो, एडीएचडी मलाही आहे. मला थेरपिस्टने जे सांगितलं ते तेव्हा पटलं नव्हतं, आता पटतं. मोटिव्हेशन आधी आणि काम नंतर हा क्रम डिप्रेशनमध्ये चालतच नाही, कारण कशात गोडी वाटणं हेच डिप्रेशनने बंद पाडलेलं असतं. आधी हात हलतो, मन मागून येतं, तेही रोज येत नाही. याला बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात, १९७० च्या दशकात ल्युइन्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने मांडलेली कल्पना आहे आणि आजही डिप्रेशनवरच्या चांगल्या तपासलेल्या उपचारांत धरतात. कामं अगदी छोटी घ्यायची, आणि ती ठरल्या वेळी करायची, मूड बघून नाही.

पण इथे एक मेख आहे. त्या पद्धतीत दिवसभराची नोंदवही ठेवायला सांगतात आणि आपल्यासारख्यांना ती वही भरणं हेच डोंगराएवढं काम होतं. मी आठवड्यात सोडली आणि पुन्हा स्वतःला शिव्या घातल्या. मग थेरपिस्टने ते बदलून दिलं, वही नाही, काम झालं की दाराला चिकटवलेल्या कागदावर एक रेघ. बास. आणि काम म्हणजे "कपडे वाळत घालणे" नाही, "एक टॉवेल बाहेर काढणे". टॉवेल काढून परत फरशीवर बसलीस तरी रेघ मारायची. मी कितीतरी दिवस एकाच रेघेवर काढलेत.

पैलतीर:
मी समुपदेशक आहे, पण इथे बसून निदान करणं बरोबर नाही, म्हणून फक्त विचार करायला काही गोष्टी देते.

दुःख सहसा लाटांसारखं येतं, आठवण आली की उसळतं, मधेच एखाद्या गोष्टीवर हसूही येतं. डिप्रेशनमध्ये सगळंच सपाट होतं आणि "मीच निकामी आहे" हा सूर सतत लागलेला असतो. एडीएचडीत करायची इच्छा असते पण सुरुवातीचा खटका पडत नाही, आणि हे लहानपणापासून असतं. तुम्ही फरशीवर बसून राहिलात त्यात मला तिन्ही दिसतात, त्यामुळे एकच लेबल शोधत बसू नका. दुःख आहे म्हणून डिप्रेशन नाही असंही नसतं, दोन्ही एकत्र असू शकतं.

लोक दुःखाचे पाच टप्पे सांगतील, राग, नकार वगैरे. कुब्लर-रॉस या मनोविकारतज्ज्ञांनी १९६९ मध्ये ते मांडले ते मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्यांसाठी ते वेळापत्रक नाही. मला १९९९ चं स्ट्रोब आणि शूट या संशोधकांचं म्हणणं जास्त जवळचं वाटतं, की माणूस दुःखात बुडणं आणि रोजचं जगणं सावरणं यांच्यात हेलकावे खात राहतो आणि दोन्ही लागतं. पहिले दोन महिने तुम्ही फक्त सावरत होतात. रडायला सवड कधी मिळाली?

गोळी बंद केल्याचं डॉक्टरांना नक्की सांगा, ओरडा खायला नाही, पुढचं ठरवायला. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन तपासून घ्या, त्यांच्या कमतरतेनेही असाच थकवा येतो. आणि एक सरळ विचारते, विचारल्याने असे विचार मनात येतात हा गैरसमज आहे म्हणून विचारते. जगणं नको असं वाटतं का? वाटत असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, आजच जवळच्या कोणाला तरी सांगा, हेल्पलाइनला फोन करा.

निळीवही:
नाही ताई, मरावंसं वाटत नाही. सकाळ होऊ नये असं मात्र वाटतं. विचारलंत म्हणून बरं वाटलं, घरी कोणी विचारतच नाही, विषय बदलतात.

पैलतीर:
"सकाळ होऊ नये" हे अगदी याच शब्दांत डॉक्टरांना सांगा. ते वाढलं तर लगेच.

रातराणी२:
सगळं वाचलं, पण मला त्या साडेआठच्या फोनबद्दल बोलायचंय. एडीएचडीवाल्यांना दिवस सुरू करून द्यायला बाहेरचं कोणीतरी लागतं, कोणाचा आवाज, कोणाची नजर, शेजारी कोणी बसलेलं असलं तरी काम होतं. तुझा दादा निदान व्हायच्या कितीतरी आधीपासून ते करत होता, त्यालाही माहीत नसेल. म्हणजे तुझा भाऊ गेला आणि त्याच दिवशी तुझा दिवस सुरू करून देणारा माणूसही गेला. दोन गोष्टी गेल्यात बाई, आणि रडायला एकच धरलीयेस. प्लॅनर का टिकत नाही तर प्लॅनर रात्री विचारत नाही, झाली का म्हणून.

तो फोन दुसऱ्या कोणाकडून तरी सुरू कर.

निळीवही:
हे वाचून अर्धा तास नुसती रडले. पण दुसऱ्या कोणाचा फोन साडेआठला आला तर मी उचलणार नाही. ती जागा नाही देता येणार.

रातराणी२:
मग देऊच नकोस. साडेआठ त्याचंच राहू दे, त्या वेळात रड, फोटो बघ, त्याच्याशी बोल. दुसरा फोन सव्वानऊला. आणि तीन कामं नकोत, तीन त्याची होती. एकच काम. माझी तयारी आहे, मी पण सकाळी अशीच अडकते, तू मला विचार मी तुला विचारते.

सावकाशचालणारा:
सव्वानऊची आयडिया एक नंबर.

निळीवही:
नऊ दिवसांनी लिहितेय. रातराणीताईंशी सहा दिवस बोलणं झालं, तीन दिवस मी फोन उचलला नाही, त्या रागावल्या नाहीत. डॉक्टरांना सगळं सांगितलं, "सकाळ होऊ नये" पण सांगितलं. त्यांनी डिप्रेशनच्या गोळीचा डोस बदललाय, फरक पडायला काही आठवडे लागतील म्हणाल्या, एडीएचडीच्या गोळीचं पुढच्या भेटीत बघू. रक्ताचे रिपोर्ट यायचेत.

मोटिव्हेशन वगैरे काही आलेलं नाही. परवा फोन स्पीकरवर ठेवून कपडे वाळत घातले, ताई त्यांच्या घरी भांडी घासत होत्या, पाण्याचा आवाज येत होता. दोघी काहीच बोललो नाही. शेवटी दादाचा एक शर्ट निघाला, माझ्याकडेच राहिलेला, तो पण धुवून गेला होता. त्याचा वास गेला. खूप रडले, ताई लाइनवर होत्या. मग तो पण वाळत घातला. दारावर तीन रेघा आहेत.