कोलोनोस्कोपीची तयारी पुन्हा करायची आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बाबांची कोलोनोस्कोपी (मोठं आतडं आतून दुर्बिणीने बघायची तपासणी) अर्धवट सोडावी लागली. आतडं पुरेसं साफ झालं नव्हतं. आता नवी तारीख मिळाली आहे, पण आतडं साफ करायचं ते पावडरचं खारट पाणी परत प्यायचं म्हटल्यावर बाबा तोंड फिरवून बसलेत. ज्यांनी हे स्वतः केलंय किंवा घरच्या कुणाचं निभावलंय त्यांनी कृपया लिहा. 'डॉक्टरांना विचारा' एवढंच लिहू नका. विचारणार आहेच, पण नेमकं काय विचारायचं ते आधी कळायला हवं. मागच्या वेळी कुणी काही विचारलं नाही म्हणून कुणी काही सांगितलंही नाही.

बाबा सत्तरीच्या आसपास आहेत. मधुमेह आहे, रात्री इन्सुलिन, सकाळी डॅपाग्लिफ्लोझिनची गोळी. हिमोग्लोबिन कमी आलं म्हणून लोहाच्या गोळ्या चालू आहेत आणि ते कमी का झालं हे शोधायलाच ही तपासणी. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन किंचित वाढलेलं आहे.

मागच्या वेळी झालं ते असं. हातात जो छापील कागद मिळाला तो सकाळच्या तपासणीसाठीचा होता. पावडरचा पहिला डोस आदल्या संध्याकाळी सहाला, दुसरा पहाटे चारला. नंतर फोन आला की वेळ बदलून दुपारी तीनची केली आहे, 'बाकी सगळं तेच'. बाकी सगळं तेच म्हणजे पहाटेचे चारही तेच! पहिला डोस बाबांनी शिस्तीत घेतला. रात्री अकरापर्यंत बाथरूमच्या इतक्या फेऱ्या झाल्या की शेवटी नुसतं पिवळसर पाणी पडायला लागलं. पहाटे आईने गजर लावून उठवलं तर म्हणाले, "आता आत काही उरलेलंच नाही, उगाच कशाला?" दुसऱ्या डोसचा एक पेला कसाबसा प्यायले आणि झोपले. दुपारी स्कोप आत गेला तेव्हा आत बरंच काही उरलेलं होतं.

मध्ये साखरेचं एक प्रकरण झालं. मधुमेह म्हणून आईने आदल्या दिवसासाठी सगळी पेयं शुगर-फ्री आणून ठेवली होती. इन्सुलिनचा डोस मात्र नेहमीचाच घेतला, कारण कागदावर मधुमेहाबद्दल अवाक्षर नव्हतं. मध्यरात्री बाबांना दरदरून घाम, साखर ६० च्या घरात, आणि घरात 'चालणाऱ्या' पेयांपैकी एकातही साखर नाही. शेवटी पाण्यात साखर ढवळून दिली.

रिपोर्टवर लिहिलंय: 'बॉस्टन स्केल: उजवी बाजू १, मधली २, डावी २, एकूण ५. तयारी अपुरी. पुन्हा करावी.'

माझे प्रश्न:

नऊपैकी पाच म्हणजे निम्म्याहून जास्त झाले ना? मग नापास कसे?

रात्रीच पाणी स्वच्छ यायला लागलं असेल तर दुसरा डोस खरंच लागतो का? बाबांना पटेल असं कारण हवंय. 'सांगितलंय म्हणून घ्या' हे त्यांच्यापुढे चालत नाही.

वेळ दुपारची असेल तर डोस कधी?

एका नातेवाइकांनी सांगितलं की छोट्या बाटलीतलं फॉस्फेटचं औषध मिळतं, दोन घोटांत काम होतं, लिटरभर पाणी ढोसायला नको. ते घेतलं तर?

आणि चव. त्या चवीचं काय करायचं?

---

चष्मिश:

चवीचं मी सांगतो, माझं गेल्या वर्षी झालंय. पावडर कालवून फ्रिजमध्ये अगदी गारढोण करा. स्ट्रॉ वापरा आणि ती जिभेच्या मागच्या बाजूला टेकवा. घोट घोट चाखत बसू नका; पाव लिटरचा पेला घ्यायचा, एका दमात संपवायचा, मग दहा-पंधरा मिनिटं त्याच्याकडे बघायचंही नाही. दोन पेल्यांच्या मध्ये लिंबाची फोड चोखा. मळमळलं तर अर्धा तास थांबून पुढे चालू करा, सोडून देऊ नका.

आणि पहिला पेला पोटात गेल्यावर घराबाहेर पाऊल टाकू नका. मी 'अजून काहीच होत नाहीये' म्हणून पत्र टाकायला कोपऱ्यापर्यंत गेलो होतो. परतीचं वर्णन करत नाही.

आणखी एक, पहिल्या फेरीपासूनच व्हॅसलीन लावा. जळजळ सुरू झाल्यावर लावून फार उपयोग नसतो. कागद घासू नका, पाण्याने धुवून टिपा.

---

हितचिंतक:

एवढं पाणी पिण्यापेक्षा सकाळी दोन एनिमा घेतले की झालं. जुन्या काळी असंच करायचे.

---

रात्रपाळी:

मी एंडोस्कोपी विभागात नर्स आहे. एनिमाचं आधी सांगते: तो फक्त शेवटचा, डावीकडचा भाग धुतो. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. एनिमाचं पाणी उजव्या टोकापर्यंत पोचत नाही, आणि यांच्या बाबांची अडचण नेमकी उजवीकडेच आहे.

धागाकर्ते, तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे. बॉस्टन स्केलमध्ये आतड्याच्या तीन भागांना प्रत्येकी ० ते ३ गुण देतात. प्रत्येक भागाला निदान २ मिळाले तर तयारी पुरेशी. बेरीज कितीही असो, एका भागाला १ म्हणजे तिथलं अस्तर नीट दिसलेलं नाही. परीक्षेत एकूण टक्के चांगले पण एका विषयात नापास, तसं.

आता उजवी बाजूच का राहिली? लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं तो भाग उजवीकडे. तुम्ही काही खाल्लं नाही तरी लहान आतड्यातून पाचक रस, पित्त, चिकट स्राव रात्रभर खाली उतरत असतात आणि उजव्या भिंतीवर त्यांचा थर बसतो. रात्री अकराला जे स्वच्छ पाणी पडलं ते खरंच स्वच्छ होतं, बाबा खोटं बोलत नव्हते. पण दुपारी तीनपर्यंत उजवीकडे पुन्हा लेप बसला. उजव्या बाजूच्या काही गाठी चपट्या असतात, भिंतीला चिकटून. त्या पातळ थराखाली सहज लपतात. हिमोग्लोबिन कमी होण्याचं कारण शोधताना ती बाजू न दिसणं म्हणजे तपासणी न केल्यासारखंच. दुसरा डोस हा नवा थर धुण्यासाठी असतो. हे असंच्या असं बाबांना वाचून दाखवा.

म्हणूनच घड्याळाची वेळ पाठ करायची नसते, तपासणीच्या वेळेपासून उलटं मोजायचं. दुसरा डोस तपासणीच्या चार ते सहा तास आधी सुरू करतात आणि निदान दोन तास आधी संपवतात. तीनची वेळ असेल तर सकाळी नऊ-दहाला सुरुवात, एकच्या आत संपलेलं. बघा, पहाटे चारला उठायचीही गरज नाही! दुपारच्या रुग्णांना काही ठिकाणी दोन्ही डोस त्याच दिवशी सकाळी देतात, तेही चालतं. 'बाकी सगळं तेच' हे फोनवरचं वाक्य मात्र मलाही खटकलं. वेळ बदलली की नवा कागद द्यायला हवा.

फॉस्फेटची छोटी बाटली: नाही. त्याने मूत्रपिंडात फॉस्फेटचे कण साठून कायमची इजा झाल्याच्या घटना आहेत. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २००८ मध्ये याबद्दल कडक इशारा दिला. वय जास्त आणि क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे ज्यांना देऊ नये त्या यादीत बाबा अगदी वर आहेत. तुमची पावडर बहुधा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची असेल. ती शरीरात जवळजवळ शोषली जात नाही, पाणी धरून ठेवते आणि तशीच बाहेर पडते. म्हणून प्यायला भरपूर, पण मूत्रपिंडाच्या दृष्टीने सौम्य. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच घाला, कमी पाण्यात दाट करू नका.

लोहाच्या गोळ्या कधी थांबवल्या होत्या?

---

धागाकर्ता:

रात्रपाळी ताई, मनापासून आभार. बाबांना वाचून दाखवलं. 'लेप बसतो' इथे पहिल्यांदाच मान हलली.

लोहाच्या गोळ्या थांबवल्याच नव्हत्या. त्याही थांबवायच्या असतात?

चष्मिश, चवीसाठी त्यात साखरेचा पाक किंवा सरबत मिसळलं तर चालेल का? आई विचारतेय.

---

रात्रपाळी:

लोह साधारण पाच ते सात दिवस आधी बंद करतात. त्याने शौच काळं आणि चिकट होतं, भिंतीला धरून बसतं. उजवीकडच्या १ मध्ये त्याचाही वाटा असू शकतो. इसबगोलसारखं काही रोज घेत असतील तर तेही याच सुमारास बंद. 'पोट साफ व्हायला बरं' म्हणून नेमकं आदल्या रात्री इसबगोल घेऊन आलेले लोक मी पाहिलेत.

पावडरच्या पाण्यात साखर, पाक काही घालू नका. न पचलेली साखर मोठ्या आतड्यातल्या जंतूंना मिळाली की हायड्रोजन तयार होतो, आणि गाठ काढताना विजेवर चालणारं उपकरण वापरतात. पूर्वी तयारीसाठी मॅनिटॉल नावाची साखर देत असत. १९७९ साली अशी तयारी केलेल्या रुग्णाची गाठ काढताना आतड्यात स्फोट होऊन मृत्यू झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. मॅनिटॉल मागे पडण्यामागे हा धोका आहे. घाबरवायला सांगत नाहीये, फक्त पाकिटातलं मिश्रण जसं आहे तसंच राहू द्या. कंपनीने स्वादाची पुडी वेगळी दिली असेल तर तेवढी घाला.

गोड पेय प्यायचं तर ते वेगळ्या पेल्यात. आता साखरेचं. ही बाब मला बाकी सगळ्यापेक्षा गंभीर वाटते. मधुमेही माणसाची पेयं सगळीच शुगर-फ्री नकोत. आदल्या दिवशी जेवण जवळजवळ नसतं, त्यामुळे थोडी साखर पेयातूनच जायला हवी. गाळलेला सफरचंदाचा रस हाताशी ठेवा. लाल-जांभळं काही नको, आत ते रक्तासारखं दिसतं. दूध नाही, दुधाचा चहाही नाही. कोरा चहा चालतो.

मधुमेहाच्या डॉक्टरांना दोन प्रश्न नेमके विचारा. एक, रात्रीचं इन्सुलिन किती कमी करायचं. बहुतेक वेळा कमी करतात, पण किती ते त्यांनीच ठरवायचं. दोन, डॅपाग्लिफ्लोझिन कधी थांबवायची. या गटातली ही गोळी निदान तीन दिवस आधी बंद करतात, कारण उपाशीपोटी तिच्यामुळे रक्तात आम्ल साठू शकतं, आणि तेव्हा साखर अगदी नॉर्मल दिसत असते. मीटरवर आकडा चांगला म्हणून कुणाला शंकाही येत नाही. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर तेही विचारा, स्वतःहून बंद करू नका.

---

हितचिंतक:

एनिमाचे शब्द मागे घेतो. पण आमच्याकडे दोन दिवस आधीपासून कडकडीत उपास करायला सांगितला होता, ते बरोबर की चूक?

---

रात्रपाळी:

आता तेवढं ताणत नाहीत. बहुतेक रुग्णांना आदल्या दिवशी सकाळी, कुठे कुठे दुपारीही, कमी चोथ्याचं हलकं जेवण चालतं. बिया, साली, कोंडा, दाणे, पालेभाज्या टाळायच्या; त्यानंतर फक्त पारदर्शक पेयं. नेहमीच बद्धकोष्ठ असेल किंवा मागच्या वेळी तयारी फसली असेल तर जास्त दिवस पथ्य किंवा जादा डोस देतात. धागाकर्ते, तुम्ही या दुसऱ्या प्रकारात येता, म्हणून मागचा रिपोर्ट आधी दाखवा. जुनाच कागद पुन्हा हातात घेऊन परत येऊ नका.

पाण्यात बुडबुडे फार होत असतील तर सिमेथिकोन द्यायचं का तेही विचारा. फेस असला तरी भिंत दिसत नाही.

---

धागाकर्ता:

आज दोन्ही डॉक्टरांशी बोलणं झालं. इन्सुलिन किती घ्यायचं ते लिहून दिलं, डॅपाग्लिफ्लोझिन आणि लोह कधी बंद करायचं त्याच्या तारखा दिल्या, सिमेथिकोनही दिलं. वेळ या खेपेला दुपारी दोनची आहे, दुसरा डोस सकाळी साडेआठला सुरू. पहाटे उठायचं नाही हे ऐकल्यावर बाबांचा निम्मा विरोध मावळला. उरलेला निम्मा चवीवर आहे, त्यासाठी स्ट्रॉ आणल्या आहेत.

आता एकच शंका. बाबांना कवळी आहे. ती घालून न्यायची की घरी ठेवायची? आणि परत येताना ते स्वतः गाडी चालवतो म्हणताहेत, 'मला भूल चढत नाही' म्हणून.

---

रात्रपाळी:

कवळी घालून या, झाकणाची डबी बरोबर आणा आणि डबीवर नाव लिहा. भूल द्यायच्या आधी काढायला सांगतील. आमच्याकडे बिननावाच्या कवळ्यांचा एक खण आहे, एवढंच सांगते.

गाडी अजिबात नाही, पुढचे २४ तास. न्यायला कुणी मोठं माणूस आलं नसेल तर बरेच विभाग भूल देतच नाहीत, आणि मग इतकं पाणी पिऊन नुसतंच परत जावं लागतं. किल्ली तुमच्या खिशात ठेवा.