मदत हवी आहे: पिशवीचं ऑपरेशन दुर्बिणीतून की पोट उघडून?

रेणुका_मिरज
घाईत लिहितेय, चुका सांभाळून घ्या. वहिनीचं ऑपरेशन सोमवारी ठरलंय. इथले सर म्हणतात दुर्बिणीतून करू, चार भोकं, तिसऱ्या दिवशी घरी. पुण्याच्या दुसऱ्या डॉक्टरांनी फाइल चाळली आणि पोट उघडूनच करा म्हणाले. कारण विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत! दादा पार गोंधळलाय. चांगलं कुठलं? कुणी केलंय का? प्लीज लवकर सांगा.

सुमनताई
बिनधास्त दुर्बिणीतून करा गं. माझं २०१६ ला केलं, आठव्या दिवशी पोळ्या लाटत होते. पोट उघडलं की हर्निया ठरलेला, माझ्या जावेला झाला.

निशिगंध
सुमनताई, तुमचं फायब्रॉइडचं, म्हणजे कॅन्सर नसलेल्या गाठीचं होतं ना? रेणुका, पिशवी काढतायत कशासाठी? वय? बायोप्सी झालीये का?

रेणुका_मिरज
लिहिलं नाही का मी? गर्भाशयमुखाचा कॅन्सर. पण अगदी सुरुवातीचा आहे म्हणाले. वय ४३.

निशिगंध
अहो, हे आधी सांगायचं!

रोबो_मामा
मग रोबोट. दुर्बीण जुनी झाली. माझ्या मेव्हणीचं न्यू जर्सीत रोबोटनेच केलं, दुसऱ्या दिवशी मॉलमध्ये.

डॉक्टरीणबाई
(३१ वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ, आता निवृत्त.) मामा, थांबा जरा. फायब्रॉइडची पिशवी दुर्बिणीतून काढणं वेगळं. इथे पिशवीच्या आजूबाजूचा भाग, योनीचा वरचा तुकडा आणि लिम्फ नोड (कॅन्सर जिथे पसरू शकतो त्या छोट्या ग्रंथी) हेही काढतात. आम्हीही २०१८ पर्यंत दुर्बिणीकडेच झुकलो होतो. मग नोव्हेंबरात न्यू इंग्लंड जर्नलमध्ये 'लॅक' चाचणी आली. ६३१ बायका, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा दोन गटांत वाटलेल्या. साडेचार वर्षांनी आजार न उलटलेल्या: पोट उघडून ९६.५ टक्के, दुर्बिणीतून ८६. तीन वर्षांनी हयात: ९९ आणि ९३.८. फरक दिसताच नव्या पेशंट घेणं बंद केलं. दुर्बीण हरेल असं आम्हाला कुणालाच वाटलं नव्हतं. आणि मामा, त्या दुर्बीण गटात साधारण सोळा टक्के रोबोटच्याच होत्या.

रोबो_मामा
त्या सर्जनना येत नसेल. आमच्या मेव्हणीला सहा वर्षं झाली, ठणठणीत.

कट्टर_प्रश्नकर्ता
एका मेव्हणीवरून शास्त्र ठरत नाही हो. पण डॉक्टर, दोष दुर्बिणीचा की पद्धतीचा? पिशवी हलवायला खालून जो मॅनिप्युलेटर घालतात तो गाठीला खरवडतो म्हणे. तो न वापरता, योनी आधी शिवून बंद करून केलं तर?

डॉक्टरीणबाई
शंका रास्त आहे. मॅनिप्युलेटर, पोटात भरलेला वायू, पोटाच्या आतच योनी कापणं, तिघांवरही संशय आहे. पण तसं केल्याने दोन्ही पद्धती सारख्या होतात हे तोलामोलाच्या चाचणीत सिद्ध व्हायचंय. तोवर माझ्या सख्ख्या बहिणीला मी पोट उघडूनच सांगेन. रेणुका, एमआरआयमध्ये गाठ किती सेंटिमीटर?

आरोग्यधाम
ऑपरेशनच कशाला? गव्हांकुराचा रस

निशिगंध
आरोग्यधाम, दुसरा धागा बघा.

गोदाकाठ
माझं २०१९ मध्ये याच आजारासाठी पोट उघडून झालं. बेंबीपासून खाली उभा टाका. दुखतं, खोटं कशाला बोलू? पण खरा वैताग लघवीच्या नळीचा. मूत्राशयाच्या नसा बधिरतात, म्हणून नळी बारा दिवस होती. ती पिशवी परकराच्या नाडीला बांधून घरभर फिरायचे. खोकला आला की पोटावर उशी दाबायची. हे आधी कुणी सांगितलं नव्हतं म्हणून लिहिलं.

लस_घ्या
घरातल्या मुलींना एचपीव्हीची (हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूवरची) लस द्या! आता पुण्याच्या सीरमचीही मिळते.

रेणुका_मिरज
मुलगेच आहेत हो. डॉक्टर, रिपोर्ट सापडला: स्क्वॅमस सेल, २.८ बाय २.१, नोड दिसत नाहीत. फाइलवर स्टेज आयबी१.

डॉक्टरीणबाई
२.८ असेल तर २०१८ च्या फिगोप्रमाणे (स्टेज ठरवायची जागतिक पद्धत) आयबी२ झाली. आयबी१ आता दोन सेंटिमीटरच्या आत. जुन्या हिशोबात चारपर्यंत आयबी१च म्हणायचे, म्हणून गोंधळ. दोनच्या आतल्या गाठीला साधी पिशवी काढूनही चालतं, असं २०२४ च्या 'शेप' चाचणीत निवडक बायकांत दिसलं. वहिनी त्यात बसत नाहीत. सरांना दोनच गोष्टी विचारा: स्टेज जुन्या हिशोबाने लिहिलीये का, आणि हे मोठं ऑपरेशन पोट उघडून ते वर्षाला किती करतात?

पैसापाणी
महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का पाहा. रेशनकार्ड काढून ठेवा, हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेटा.

रेणुका_मिरज
विचारलं. सर चिडले नाहीत. स्टेज एमआरआयच्या आधी लिहिली होती. "उघडून वर्षाला दोन-तीनच होतात माझ्याकडून," म्हणाले आणि स्वतःच चिठ्ठी लिहून दिली. सोमवार रद्द. दादा बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक घेऊन रात्रीच्या गाडीने टाटाला निघालाय. परळजवळ राहायची सोय कुणाला माहीत आहे का?

गोदाकाठ
दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. टाटाचं कार्ड दाखवावं लागतं, आधी ते काढा. आणि पातळ उशी न्या.

सुमनताई
देव बरं करो. पण हर्नियाचं लक्षात ठेवा.

रेणुका_मिरज
ठेवते. वहिनीने सगळा धागा वाचला. ती विचारतेय, सुमनताई, आठव्या दिवशी पोळ्या लाटायला लावल्या कुणी?